विन्या तोंदोनिया : फिकट रंगाची रेड वाइन आणि लोपेस दे एरेदिया यांचे तळघर

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. रेड वाइनविषयी मला जे थोडेफार कळते ते मुख्यतः नाशिकच्या आणि फ्रान्सच्या बाटल्यांवरून कळलेले आहे. स्पेनची ओळख अगदी अलीकडची. बहीण बिल्बाओ येथे राहते. तिच्या घरी जेवणाच्या वेळी रिओहा प्रांतातील दोन रेड वाइन शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक तुलनेने नव्या वाइनरीची, गडद जांभळी, दाट, पिकलेल्या फळांचा आणि व्हॅनिलाचा ठळक वास असणारी. दुसरी होती आरो या गावातील लोपेस दे एरेदिया यांची ‘विन्या तोंदोनिया रेसेर्वा’, 2010 सालच्या द्राक्षांची.

दुसरीने मला गोंधळात टाकले. पेल्याच्या कडेला तिचा रंग विटकरी दिसत होता, अंगाने ती हलकी होती, आंबटपणा स्पष्ट जाणवत होता आणि वासात ताज्या फळापेक्षा वाळलेली संत्र्याची साल, अक्रोड आणि तंबाखूचे पान यांचीच आठवण अधिक होती. जेवायला बसलेल्यांपैकी एकाने ती हवा लागून उतरली आहे असे सांगितले, तर दुसऱ्याने अस्सल रिओहा म्हणतात ती हीच, असे तितक्याच ठामपणे सांगितले. मला ती आवडली, परंतु जे आवडले तो दोष होता की गुण, हे मला ठरवता आले नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा रंग आणि हा स्वाद मुद्दाम साधलेला असतो का, आणि तसे असेल तर खरोखर बिघडलेली बाटली कशी ओळखावी? ही वाइन ओकच्या पिंपात सहा वर्षे राहते असे कळले; मग तिला लाकडाचा वास इतका कमी कसा? आणि येत्या सप्टेंबरअखेरीस आम्ही आरोला जाणार आहोत, तेव्हा तेथून ‘ग्रान रेसेर्वा’ आणून पुण्यात काही वर्षे जपून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का?

एब्रोकाठ

मी बरीच वर्षे लोग्रोन्योमध्ये राहतो आणि आरो येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे या घराण्याच्या वाइनशी माझा संबंध जवळचा आहे. आपण वर्णन केलेली बाटली उत्तम अवस्थेत होती, असे मी आपल्या वर्णनावरूनच म्हणेन.

रंगापासून सुरुवात करतो. द्राक्षाच्या सालीतून येणारी रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारी टॅनिन ही दोन्ही काळाबरोबर एकमेकांना बांधली जातात, त्यांच्या मोठ्या साखळ्या तयार होतात आणि त्यांतला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. तरुण वाइनचा जांभळा रंग त्यामुळे आधी माणकासारखा लाल आणि मग विटकरी होतो, आणि जिभेवरचा तुरटपणाही मऊ होत जातो. प्रत्येक चांगल्या रेड वाइनच्या बाबतीत हे बाटलीत घडतच असते. लोपेस दे एरेदिया यांच्याकडे त्याचा मोठा भाग बाटलीत भरण्यापूर्वी, पिंपातच घडवून आणला जातो. म्हणजे आपण जी वाइन प्यालात तिचे वय लपवलेले नव्हते, उलट ते वय हीच तिच्या घडणीची मुख्य सामग्री होती.

आता लाकूड. नवे ओकचे पीप पहिल्या काही भरण्यांमध्ये व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या खोबऱ्याचा वास असे पुष्कळ काही देते आणि आपल्या पहिल्या बाटलीत आपणांस बहुधा तेच जाणवले असावे. पीप जुने झाले की देण्यासारखे त्याच्याजवळ फारसे उरत नाही. उरते ते फक्त त्याचे सच्छिद्र अंग. मातीच्या माठातून पाणी जसे किंचित पाझरत असते, तसे ओकच्या फळ्यांतून आतले द्रव अगदी हळू उडून जाते आणि बाहेरची हवा अगदी हळू आत शिरते. वर्षानुवर्षे मिळणारा हा प्राणवायूचा सूक्ष्म पुरवठा वाइनला पक्व करतो, तिच्यावर लाकडाचा थर चढवत नाही. या घराण्याची पिंपे अमेरिकन ओकची, सुमारे 225 लिटरची असतात. ती विकत आणली जात नाहीत, तर आवारातच असलेल्या स्वतःच्या कारखान्यात त्यांचे कारागीर ती बनवतात आणि बिघडलेल्या फळ्या बदलून दुरुस्त करून पुन्हा पुन्हा वापरतात. पीप बनवणारे स्वतःचे कारागीर बाळगणाऱ्या वाइनरी आज फार थोड्या राहिल्या आहेत. माझ्या मते सहा वर्षांच्या मुक्कामाचे रहस्य या कारखान्यातच आहे, कारण पीप सतत विकत घ्यावे लागले असते तर त्याला इतके म्हातारे होऊ देणे कोणालाच परवडले नसते.

मुक्काम म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. रस मोठ्या लाकडी हौदांत आंबवला जातो आणि त्यासाठी द्राक्षांबरोबर येणारे नैसर्गिक यीस्टच वापरले जाते. नंतर पिंपात गेलेली वाइन वर्षातून दोनदा एका पिंपातून दुसऱ्यात हलवली जाते. खाली बसलेला गाळ मागे राहतो आणि हलवताना थोडी हवा लागते. शेवटी ताज्या अंड्यांच्या पांढऱ्या बलकाने ती नितळ केली जाते आणि गाळणीतून न काढता बाटलीत भरली जाते. हे सगळे हाताचे काम आहे, आणि तळघरातील हजारो पिंपांसाठी ते न चुकता करावे लागते.

कायद्याचे आकडे या वाइनबाबत किती तोकडे पडतात, हे सांगणे मला अगत्याचे वाटते. रिओहाच्या नियमांनुसार रेड ‘रेसेर्वा’ला एकंदर तीन वर्षे मुरवावे लागते आणि त्यांपैकी किमान एक वर्ष पिंपात जावे लागते, ‘ग्रान रेसेर्वा’साठी एकूण पाच वर्षे आणि त्यांपैकी किमान दोन पिंपात. तोंदोनियाची साधी रेसेर्वा पिंपातच सहा वर्षे असते आणि ग्रान रेसेर्वा सुमारे दहा. त्यांची सर्वांत तरुण समजली जाणारी ‘विन्या कुबियो’ ही क्रियान्सा (म्हणजे रेसेर्वाच्या खालच्या) वर्गातील वाइनदेखील पिंपात तीन वर्षे काढते, म्हणजे पिंपातील काळ पाहिला तर ती कित्येक वाइनरींच्या ग्रान रेसेर्वापेक्षा जुनी असते. 2010 ची द्राक्षे खुडल्यापासून ती बाटली आपल्यासमोर येईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्या संपूर्ण काळाचा खर्च, जागा आणि जोखीम वाइनरीने स्वतः सोसली. बहुतेक ठिकाणी वाइन मुरवण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवलेले असते. येथे ते मालकाने आपल्याकडे ठेवले आहे.

खरोखर बिघडलेली बाटली ओळखण्याची एक सोपी वाट सांगतो. पेल्यात अर्धा तास ठेवा. निरोगी तोंदोनिया त्या वेळात उमलते, सुरुवातीचा बंद, थोडा मातकट वास मागे पडतो आणि मागून सुक्या चेरीसारखे फळ पुढे येते. बिघडलेली बाटली त्याच वेळात आणखी खचते. रंग केवळ कडेला नव्हे तर मध्यभागीही तपकिरी आणि निस्तेज असेल, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल आणि जिभेवर आंबटपणाचा ताण उरला नसेल, तर हवेने तिचे काम संपवले आहे असे समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. आपण जो आंबटपणा स्पष्ट जाणवला असे लिहिले आहे, तोच ती वाइन जिवंत असल्याचा पुरावा होता.

दिंडोरीचा बागायतदार

वर तळघराविषयी फार चांगले लिहिले गेले आहे. मी बागेच्या बाजूने काही जोडतो, कारण सहा वर्षे पिंपात टिकेल असे द्राक्ष मुळात बागेतच तयार व्हावे लागते.

तोंदोनिया हे मुळात मळ्याचे नाव आहे. एब्रो नदीने आरोजवळ घेतलेल्या एका मोठ्या वळणाच्या आत, नदीच्या उजव्या काठावर, शंभर हेक्टरांहून मोठा असा हा सलग पट्टा आहे. घराण्याचे संस्थापक राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी 1913-14 च्या सुमारास तो लावला. जमीन गाळाची, चिकणमातीची आणि भरपूर चुनखडीची. या घराण्याचे बोस्कोनिया, कुबियास आणि साकोनिया असे आणखी तीन मळे आहेत आणि सगळी वाइन स्वतःच्या मळ्यांतील द्राक्षांचीच होते. रिओहामध्ये शेकडो लहान शेतकऱ्यांकडून द्राक्षे विकत घेऊन वाइन करण्याची पद्धत फार रुजलेली असल्यामुळे ही गोष्ट तेथे वेगळी ठरते.

लागवडीचे साल आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड 1899 मध्ये रिओहात, आरोपासून जवळच आढळली आणि पुढील काही वर्षांत तिथल्या जुन्या वेली उद्ध्वस्त झाल्या. तोंदोनिया त्यानंतरची, म्हणजे अमेरिकन खुंटावर कलम केलेली बाग आहे. आपण नाशिकमध्ये क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिज खुंट वापरतो, तिथे खुंट आला तो किडीमुळे. परंतु एका संकटातून सावरलेला माणूस त्यानंतर शंभर हेक्टरांची नवी बाग उभी करतो आणि तिच्या नावाने वाइन काढतो, ही गोष्ट मला बागायतदार म्हणून फार मोठी वाटते.

आता द्राक्षाविषयी. रेसेर्वामध्ये सुमारे 75 टक्के तेम्प्रानियो, 15 टक्के गार्नाचा आणि उरलेल्या 10 टक्क्यांत ग्रासियानो व मासुएलो असतात. तेम्प्रानियो लवकर पिकते, तिला सुरेख बांधा असतो, मात्र तिची आम्लता फार वरची नसते. उबदार वर्षी ती एकटी दीर्घकाळ टिकेलच, असे सांगता येत नाही. गार्नाचा अंग भरते. ग्रासियानो उशिरा पिकणारी आणि कमी उत्पन्न देणारी जात आहे, म्हणून कित्येकांनी ती काढून टाकली; पण तिच्यापासून आंबटपणा आणि वास मिळतो, आणि मासुएलोपासून आंबटपणा आणि तुरटपणा. प्रश्नकर्त्यांना जो ताजेपणा दहा वर्षांनंतरही जाणवला, त्याचे मोठे श्रेय या दहा टक्क्यांना द्यायला हवे. एका जातीचे नाव लेबलावर मिरवण्याच्या आजच्या काळात ही मिश्रणाची शिस्त शिकण्यासारखी आहे.

वेली बहुतेक झुडपाच्या आकारात, तारेच्या आधाराशिवाय वाढवलेल्या असतात. आपल्याकडच्या मांडवाशी किंवा ‘वाय’ पद्धतीशी तुलना केली तर उत्पन्नाचा फरक लगेच लक्षात येतो. रिओहाच्या नियमांत रेड वाइनच्या द्राक्षांना हेक्टरी 6500 किलोंची मर्यादा आहे, म्हणजे एकरी अडीच टनांच्या थोडे वर. खाण्याच्या द्राक्षांत एकरी आठ-दहा टनांची अपेक्षा ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा आकडा प्रथम पटत नाही.

नाशिक जिल्ह्यातही तेम्प्रानियोची लागवड झालेली आहे आणि तिच्यापासून चांगली वाइन निघाली आहे, हे येथे नमूद करतो. फरक ऋतुचक्राचा आहे. आपली वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटाला गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढणी असे आपले गणित असते, त्यामुळे घड पिकतो तेव्हा दिवसागणिक ऊन वाढत असते. आरोला वेल थंडीत पूर्ण विश्रांती घेते, वर्षाला एकच छाटणी होते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, दिवसागणिक गारवा वाढत असताना द्राक्ष पिकते. गार रात्री आम्लता राखतात. आपल्याकडची तेम्प्रानियो लवकर पिण्यासाठी करावी आणि तिची तुलना तोंदोनियाशी करू नये, असे माझे मत आहे. तिचे गुण वेगळे आहेत आणि ते त्यांच्या जागी तपासले जावेत.

साक्षेप

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी ‘अस्सल रिओहा’ या कल्पनेला मला हरकत घ्यावीशी वाटते, कारण मूळ प्रश्नातील गोंधळ तेथूनच निर्माण झाला आहे.

लांब काळ पिंपात मुरवलेली वाइन ही रिओहाची पुरातन रीत नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील शेतकरी दगडी हौदांत घड अखंड टाकून वाइन करीत आणि ती त्याच वर्षी पिऊन संपवीत. रिओहा आलावेसा भागात अशी तरुण वाइन आजही होते आणि ती आनंददायक असते. पिंपांची पद्धत फ्रान्समधील बोर्दोहून आली. मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल यांनी 1850 आणि 1860 च्या दशकांत तिचा पाया घातला. त्याच काळात फ्रान्सच्या बागांवर आधी भुरी आणि मग फिलॉक्सेरा अशी दोन संकटे कोसळली, बोर्दोच्या व्यापाऱ्यांना वाइनचा तुटवडा पडला आणि ते पिरेनीज ओलांडून माल शोधत आरोला पोहोचले. बिल्बाओ बंदराशी गावाला जोडणारी रेल्वे 1860 च्या दशकात सुरू झालेली होती. म्हणून सगळ्या मोठ्या वाइनरी स्टेशनभोवतीच उभ्या राहिल्या : लोपेस दे एरेदिया 1877 मध्ये, सीव्हीएनई 1879 मध्ये, ला रिओहा आल्ता 1890 मध्ये. त्या वस्तीला आजही ‘बार्रिओ दे ला एस्तासिओन’, म्हणजे स्टेशनची वस्ती, असेच म्हणतात. 1890 मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, स्पेनमधील फार थोड्या गावांच्या वाट्याला तेव्हा ते आले होते. म्हणजे आज आपण ज्याला परंपरा म्हणून वंदन करतो, ते त्या काळचे अत्याधुनिक, निर्यातीसाठी उभारलेले, परक्या तंत्रावर आधारलेले उद्योगक्षेत्र होते.

त्याच न्यायाने 1970 मध्ये मार्केस दे कासेरेस या वाइनरीने बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो यांच्या सल्ल्याने फ्रेंच ओक आणि कमी मुक्कामाची पद्धत आणली, आणि पुढे अनेकांनी गडद, फळाला प्राधान्य देणारी वाइन केली, तेव्हा त्यांनी रिओहाशी द्रोह केला असे म्हणता येत नाही. बोर्दोकडून एकदा शिकलेले लोक शंभर वर्षांनी दुसऱ्यांदा शिकले, इतकेच. प्रश्नकर्त्यांच्या टेबलावरील पहिली बाटलीही तितकीच रिओहाची होती.

दुसरा मुद्दा असा की गाळणी न लावता भरलेल्या, नैसर्गिक यीस्टवर आंबलेल्या आणि दीर्घकाळ हवेशी संबंध आलेल्या वाइनमध्ये एका बाटलीपासून दुसऱ्या बाटलीपर्यंत फरक पडतो. मी उत्तम तोंदोनिया प्यालो आहे आणि थकलेलीही प्यालो आहे. गेल्या काही वर्षांत या वाइनची मागणी जगभर वाढल्यामुळे किमतीही चढल्या आहेत, आणि व्हाइट व रोझे ग्रान रेसेर्वा तर मिळणेच अवघड झाले आहे. जिचा स्वभाव असा बदलता आहे, तिच्यासाठी मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी ग्राहकाला हे माहीत असायला हवे. केवळ आदरापोटी दोष झाकले जाऊ नयेत.

एब्रोकाठ

साक्षेप यांनी सांगितलेला इतिहास मला पूर्ण मान्य आहे आणि ‘अस्सल’ हा शब्द मीही टाळला होता. बाटल्यांमधील फरकाविषयीही ते योग्य बोलत आहेत, विशेषतः वीस-पंचवीस वर्षांपलीकडच्या बाटल्यांबाबत. तरीही माझा मुद्दा जुनेपणाचा नाही. पद्धत बोर्दोहून आली हे खरे, मात्र खुद्द बोर्दोने ती पुढे सोडून दिली. आरोमध्ये ती टिकली, कारण मळा, पिंपांचा कारखाना आणि तळघर ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या हाती राहिली आणि यांतले एक काढले की उरलेली दोन निरुपयोगी ठरतात. स्वतःची पिंपे नसतील तर सहा वर्षे परवडत नाहीत. ग्रासियानो आणि मासुएलो नसतील तर सहा वर्षे सोसत नाहीत. आणि तळघर नसेल तर सहा वर्षांत वाइन व्हिनेगर होईल.

तळघराविषयी मघाशी लिहायचे राहिले. वाळूच्या दगडात हाताने खोदलेले ते भुयार जमिनीखाली खोल आहे आणि आत उन्हाळा असो वा हिवाळा, तापमान साधारण बारा अंशांच्या आसपास राहते, हवा दमट असते. भिंतींवर आणि बाटल्यांवर बुरशीची जाड साय असते आणि जाळी मुद्दाम काढली जात नाहीत, कारण बुचांत अंडी घालणाऱ्या पतंगांना कोळी खातात. ओलावा पुरेसा असल्यामुळे पिंपातून वाइन उडून जाण्याचे प्रमाणही आवाक्यात राहते. पाहुण्यांना ते दृश्य गूढ वाटते, परंतु त्यातील प्रत्येक गोष्टीला काम नेमून दिलेले आहे.

हे कुटुंब नव्याला घाबरते असेही नाही. 1910 च्या ब्रसेल्स येथील जागतिक प्रदर्शनासाठी राफाएल यांनी करवून घेतलेला लाकडी कक्ष त्यांच्या वंशजांना सुट्या भागांत सापडला, तेव्हा तो दुरुस्त करून त्याभोवती नवी वास्तू उभारण्याचे काम त्यांनी वास्तुविशारद झाहा हदीद यांच्याकडे सोपवले. वाइन देताना वापरतात त्या काचेच्या सुरईच्या आकाराची ती वास्तू जुन्या इमारतींच्या मधोमध उभी आहे. आज मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलियो सेसार ही भावंडे वाइनरी चालवतात. बदल कुठे करायचा आणि कुठे नाही, याचा त्यांनी विचारपूर्वक निर्णय घेतलेला आहे, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो या निर्णयासाठी.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझा पहिला आणि दुसरा प्रश्न पूर्ण सुटला. अंड्याच्या बलकाचा उल्लेख वाचून आणखी एक शंका आली : आमच्याबरोबर येणाऱ्या काकू पूर्ण शाकाहारी आहेत आणि वाइन चाखण्याची त्यांची इच्छा आहे, त्यांना काय सांगावे? शिवाय एकच बाटली आणायची झाली तर कोणती आणावी?

कुलाब्याचा वाढपी

मुंबईतील हॉटेलांमध्ये वाइन वाढण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

अंड्याचा पांढरा बलक वाइनमध्ये घातला की तो टॅनिनच्या कणांना धरून तळाशी जातो आणि वरची नितळ वाइन काढून घेतली जाते. बलक पेल्यात यावा असा हेतू नसतो, पण प्रक्रियेत तो वापरलेला असतो, आणि ज्यांना अंडे वर्ज्य आहे त्यांना हे आधी स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. निर्णय काकूंनी घ्यावा. त्यांना नको असेल तर बेन्टोनाइट मातीने नितळ केलेल्या किंवा मुळीच नितळ न केलेल्या वाइन त्याच वस्तीत इतरत्र मिळू शकतील. विचारून घ्यावे, तेथील लोक असे प्रश्न गांभीर्याने घेतात.

ग्रान रेसेर्वा पुण्यात साठवण्याविषयी माझा सल्ला नकाराकडे झुकणारा आहे. बारा अंशांत वाढलेली वाइन एप्रिल-मेच्या पुण्यात, अगदी बंद कपाटातही, एका उन्हाळ्यात थकते. वाइनसाठीचा स्वतंत्र फ्रिज असेल आणि वीज गेल्यावर तो सांभाळण्याची सोय असेल तरच विचार करावा. त्यातही ही वाइन ज्या वयात बाजारात येते त्या वयात ती प्यायला तयारच असते, वाइनरीने आपल्यासाठी वाट पाहून झालेली असते. ती आणखी टिकते हे खरे, परंतु थांबणे आवश्यक नसते. म्हणून 2001 सारखी नावाजलेली ग्रान रेसेर्वा मिळालीच, तर बहिणीच्या घरी, बिल्बाओमध्येच उघडावी. पुण्यासाठी रेसेर्वा आणावी आणि ती पहिल्या हिवाळ्यातच संपवावी. तोंदोनियाबरोबर ‘विन्या बोस्कोनिया’चीही एक बाटली मिळाली तर दोन्ही एका संध्याकाळी चाखाव्यात. बोस्कोनियात तेम्प्रानियोचे प्रमाण थोडे अधिक असते, ती बोर्दोऐवजी बर्गंडीच्या घाटाच्या बाटलीत येते आणि पुष्कळदा किंचित अधिक भरीव लागते. मला स्वतःला तोंदोनियाचा संयम अधिक भावतो.

वाढताना तापमान सोळा-सतरा अंश असावे. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला ती दिली तर मद्यार्क पुढे येतो आणि सगळा नाजूकपणा हरवतो, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवण्यास संकोच करू नये. आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि शेवटचा घोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा. रेसेर्वा उघडून अर्धा-पाऊण तास थांबावे. ग्रान रेसेर्वा सुरईत ओतून तासन्‌तास ठेवू नये; ती पेल्यातच हळूहळू मोकळी होऊ द्यावी. जुने बूच मऊ झालेले असते आणि नेहमीच्या स्क्रूने त्याचे तुकडे होतात, त्यासाठी दोन पातळ पात्यांचे साधन मिळते ते वापरावे.

जेवणाचे म्हणाल तर रिओहात द्राक्षवेलीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या तिच्याबरोबर खातात आणि त्याहून चांगली जोडी मला माहीत नाही. झणझणीत रस्सा टाळावा, मिरचीपुढे ही वाइन काहीच बोलू शकत नाही. अळंबी, जुने चीज, मंद आचेवर शिजवलेले कमी तिखट मटण चालेल.

आरोच्या भेटीसाठी आधी नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आपण जाता तो काळ खुडणीचा असल्यामुळे ती लवकर करावी. बिल्बाओपासून रस्त्याने अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. स्टेशनच्या वस्तीतील वाइनरी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे त्याच दिवशी मूगा किंवा सीव्हीएनई येथेही जाता येईल. मात्र तोंदोनियाची भेट सकाळची घ्यावी, जीभ ताजी असताना.